गेमच्या अलीकडे पास नाही

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत पत्त्यांचा डाव न मांडलेलं गाव खान्देशात विरळाच. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, आणि ओसरीवर, पारावर, मिळेल त्या सावलीत चौघाचौघांचे अड्डे जमतात. त्यातला बराचसा खेळ पैशाचा असतो, तो इथे बाजूला ठेवू. पण त्याचा एक फायदा होतो. इथल्या पोरांना हुकूम, भिडू, उतारी, हुकमानं मारणं हे वेगळं शिकवावं लागत नाही. मेंढीकोट खेळलेला माणूस ब्रिजची खेळी पटकन उचलतो. अडतं ते बोलीपाशी, आणि बोलीतही एका ठरावीक जागी: भिडूनं काही बोललं, आपल्याकडे विशेष काही नाही, मग पास करू का?

या लेखात तेवढंच बघायचं आहे. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ हे पॉइंट मोजता येतात आणि साधारण १२-१३ पॉइंटला बोली उघडायची एवढं ठाऊक आहे, असं धरून चालतो.

आधी गेमचा हिशेब

पॉइंट आणि गुण यांत गोंधळ नको. पॉइंट हातातल्या पानांचे, गुण पाटीवर लिहायचे. पहिले सहा हात कुणी मोजत नाही, सातव्यापासून बोली सुरू होते. इस्पिक आणि बदाम यांच्या प्रत्येक हाताला ३० गुण, चौकट आणि किलवर यांना २०, नो ट्रम्पच्या (म्हणजे बिनहुकमी खेळाच्या) पहिल्या हाताला ४० आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. बोललेल्या हातांचे १०० गुण भरले की गेम. म्हणजे ३ नो ट्रम्प (नऊ हात), ४ बदाम किंवा ४ इस्पिक (दहा हात), ५ चौकट किंवा ५ किलवर (अकरा हात).

यात ‘बोललेल्या’ या शब्दावर सगळं आहे. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये दोनचीच बोली लावून चार केले तरी चारही गेमच्या हिशेबात धरले जायचे. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी जी गुणपद्धत आणली तिच्यात जेवढं बोललात तेवढंच गेमला धरायचं, वरचे हात वेगळे लिहायचे. त्या दिवसापासून बोलीला खरी किंमत आली.

आज डुप्लिकेटमध्ये (तीच पानं सगळ्या टेबलांवर खेळायच्या स्पर्धेत) २ इस्पिक बोलून दहा हात केले तर १७० गुण मिळतात. तेच दहा हात ४ इस्पिक बोलून केले तर ४२०, आणि व्हल्नरेबल (त्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त ठरलेले) असाल तर ६२०. एक हात कमी पडला तर दंड ५० किंवा १००. एवढी तफावत असल्यावर गेम सोडून देणं परवडत नाही. दोघांचे मिळून २५-२६ पॉइंट असले की नो ट्रम्प किंवा मेजरमधला गेम (इस्पिक-बदाम हे मेजर, चौकट-किलवर मायनर) बहुधा बोलावाच. मायनरच्या गेमला २८-२९ तरी लागतात, म्हणून मायनर जुळला तरी अनुभवी जोड्या आधी ३ नो ट्रम्पकडे बघतात.

बोली ऐकली की पहिला प्रश्न

भिडूची बोली कानावर पडली की ‘माझ्याकडे किती’ हे मोजायच्या आधी ‘ही बोली मला काय करायला सांगते’ हे विचारा. बोलीचं वजन चार प्रकारचं असतं. काही बोली सांगतात की इथं थांब. काही विचारतात की जरा जास्त असेल तर पुढं ये, नसेल तर राहू दे. काही एकाच फेरीपुरता पास बंद करतात: १ चौकटवर भिडूनं १ इस्पिक म्हटलं तर त्याच्याकडे ६ पॉइंटही असतील नाही तर १६ही, म्हणून तुम्ही एकदा बोलायचंच, पुढचं पुढं. आणि चौथा प्रकार गेम फोर्स: दोघांपैकी कुणीही, गेम बोलेपर्यंत, पास करायचा नाही.

जळगावहून धुळ्याच्या विनाथांबा एस.टी.त बसलात की एरंडोल-पारोळ्याला उतरायचं म्हणता येत नाही, तसंच हे. चढण्याआधी पाटी वाचायची.

नवख्याला वाटतं की गेम फोर्स म्हणजे जोरात बोलणं. खरं तर गेम फोर्समुळे हळू बोलायची सोय होते. भिडू मध्येच सोडून जाणार नाही याची खात्री असली की घाईनं वर उडी मारावी लागत नाही. २च्या, ३च्या पातळीवर निवांत गप्पा मारता येतात: तुझ्याकडे काय लांब आहे, बदाम अडतात का (समोरच्यांचे बदाम रोखणारं पान आहे का), स्लॅमचा (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीचा) विचार आहे का.

दोनावर एक

सगळ्यात जास्त वेळा भेटणारा गेम फोर्स हा. तुम्ही १ इस्पिक किंवा १ बदाम उघडलं, डावीकडचा पास, आणि भिडूनं त्याहून खालचा नवा रंग २च्या पातळीवर बोलला. १ इस्पिकवर २ किलवर, २ चौकट, २ बदाम, किंवा १ बदामवर २ किलवर, २ चौकट. ‘टू ओव्हर वन’ पद्धतीत याचा अर्थ भिडूकडे १२-१३ पॉइंट तरी आहेत आणि गेम पक्का. १ इस्पिकवर २ बदाम म्हटलं असेल तर बदाम पाच तरी असतात.

मग ६ ते १२ पॉइंटवाल्यानं काय करायचं? रंग जुळत नसेल तर १ नो ट्रम्प म्हणायचं. या पद्धतीत ती बोली एका फेरीपुरती फोर्सिंग असते. थोडं अवघड वाटतं, पण २ची पातळी ताकदवान पानांसाठी मोकळी राहते.

आता एक डाव नीट बघू. आखाजीला आईबरोबर मामाच्या गावी आलेला कॉलेजातला भाचा, समोर भिडू म्हणून मामा. भाच्याची पानं:

इस्पिक – एक्का, राजा, ८, ६, ३
बदाम – राजा, ७
चौकट – राणी, १०, ९, ४
किलवर – ८, २

बारा पॉइंट. मामांची पानं:

इस्पिक – राणी, ७, ५
बदाम – एक्का, ४
चौकट – राजा, ६
किलवर – एक्का, राणी, ९, ७, ५, ३

पंधरा पॉइंट. समोरचे, म्हणजे विरुद्ध जोडीतले, दोघं गप्प. भाचा १ इस्पिक, मामा २ किलवर, भाचा २ चौकट, मामा २ इस्पिक. भाच्यानं पॉइंट पुन्हा मोजले, बाराच भरले. इस्पिक जुळले होते, बोलीही खालीच होती. त्यानं पास केला आणि मग निवांत दहा हात ओढले.

‘मामा, तुम्ही दोनच म्हणालात ना?’

‘दोन म्हणालो भो, थांब कुठं म्हणालो?’

मामांचं म्हणणं बरोबर होतं. २ किलवर झालं तेव्हाच गेम ठरला होता. २ इस्पिकनं एवढंच सांगितलं की तुझ्या रंगाला माझ्याकडे तीन पानं आहेत, आता तुझं सांग. हीच बोली त्यांनी उडी मारून ३ किंवा ४ केली असती तर बोलायची जागाच गेली असती. भाच्याकडे किमान ताकद होती, म्हणून त्यानं सरळ ४ इस्पिक म्हणायचं होतं. दोघांचे मिळून २७ पॉइंट, गेमला पुरेसे.

जागा कशाला राखायची, हे कळायला भाच्याची पानं थोडी बदलू. इस्पिक आणि बदाम तेच, चौकट एक्का, राणी, ९, ४, आणि किलवर राजा, ८. आता त्याच्याकडे १९ पॉइंट झाले. बोली तीच: १ इस्पिक, २ किलवर, २ चौकट, २ इस्पिक. यावेळी तो ४वर उडी मारत नाही. ३ किलवर म्हणतो, म्हणजे इस्पिक ठरले आणि किलवरमध्ये माझ्याकडे मोठं पान आहे. मामांनाही कळतं की पोरगं गेमच्या पुढचं बोलतंय. मिळून ३४ पॉइंट, आणि छोट्या स्लॅमला साधारण ३३ लागतात. इस्पिकची उरलेली पाच पानं समोरच्यांत तीन-दोन अशी फुटली तर तेराही हात होतात. पहिल्या डावात आणि या डावात २ इस्पिकपर्यंत एका अक्षराचाही फरक नाही. फरक पडला तो त्यानंतर.

यातून एक नियम निघतो, तो पाठच करा: गेम फोर्समध्ये उडी मारून गेम गाठणारा कमी ताकद दाखवतो, हळू येणारा जास्त. मेंढीकोटातून आलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण तिथं जोर असला की पान आपटायचं असतं.

चौथा रंग

तुमच्या बाजूनं तीन रंग बोलून झाले आणि भिडूनं उरलेला चौथा बोलला, तर त्याच्याकडे तो रंग असेलच असं नाही. तो विचारतोय. उदाहरण घ्या:

इस्पिक – एक्का, राजा, ९, ७, ४
बदाम – ८, ५, ३
चौकट – राजा, ६
किलवर – एक्का, १०, ४

भिडूनं १ चौकट उघडलं, तुम्ही १ इस्पिक, त्यानं २ किलवर. तुमच्याकडे १४ पॉइंट, गेम हवाच. पण कुठला? इस्पिक पाच आहेत, सहा नाहीत. ३ नो ट्रम्प म्हणावं तर बदामात आठ-पाच-तीन, समोरचे पहिल्याच उतारीला पाच हात काढतील. चौकट-किलवर जुळतात, पण अकरा हात लांब आहेत. अशा वेळी २ बदाम म्हणा. आज बहुतेक जण ही बोली गेम फोर्स खेळतात. भिडूकडे इस्पिकची तीन पानं असतील तर तो इस्पिक बोलेल, बदाम अडत असतील तर नो ट्रम्प, नाहीतर स्वतःचा लांब रंग पुन्हा.

समजा त्याच्याकडे इस्पिक राणी-६, बदाम राजा-४, चौकट एक्का-राणी-९-७-३, किलवर राणी-गुलाम-८-५ आहेत. तो २ नो ट्रम्प म्हणतो, तुम्ही ३ नो ट्रम्प. यात एक मजा आहे. नो ट्रम्प त्यानं आधी बोलल्यामुळे खेळणारा तो, आणि पहिली उतारी त्याच्या डावीकडून येऊन त्याच्या बदाम राजाकडे चालत जाते. बदाम आलेच तर राजा एक हात करणारच. तोच राजा-४ पट्टीवर (खेळणाऱ्याच्या भिडूच्या टेबलावर मांडलेल्या पानांत) उघडा पडला असता तर त्याच्या डावीकडच्यानं एक्का-राणी धरून तो आरपार पकडला असता. चौथ्या रंगामुळे गेम तर मिळालाच, शिवाय तो योग्य माणसाच्या हातून खेळला गेला.

एक अपवाद आहे: १ किलवर, १ चौकट, १ बदाम, १ इस्पिक. इथं चौथा रंग १च्याच पातळीवर येतो आणि इस्पिक खरेच असू शकतात. तो गेम फोर्स धरायचा की नाही हे प्रत्येक जोडीनं आपसात ठरवावं.

२ किलवर: एका पॉइंटवरही पास नाही

२ किलवरनं बोली उघडणं म्हणजे २२ किंवा जास्त पॉइंट, नाहीतर एकट्याच्या जोरावर गेमच्या जवळ जाणारी पानं. किलवरशी तिचा काही संबंध नाही. भिडू बहुधा २ चौकट म्हणून वाट बघतो, तीही चौकटची बोली नव्हे.

खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत होते. उघडणाऱ्यानं २ इस्पिक म्हटलं आणि तुमच्याकडे हे आहे:

इस्पिक – ९, ४
बदाम – १०, ७, ५, २
चौकट – ८, ७, ५, ३
किलवर – गुलाम, ९, २

सगळा मिळून एक पॉइंट. पास करायची इच्छा होणारच. नाही करायचा. उघडणाऱ्या भिडूकडे एक्का, राजा, राणी, गुलाम यांच्यासह सहा इस्पिक, बदाम एक्का-राजा-४, चौकट एक्का-६, किलवर राजा-७ असतील. सहा इस्पिक, दोन बदाम, एक चौकट असे नऊ हात त्याच्या एकट्याच्या हातात आहेत, दहावा किलवर राजाचा होण्याची चांगली आशा आहे. तुमच्या पानांतून त्याला काहीच नको, फक्त तुम्ही दार बंद करू नका. ‘माझ्याकडे काही नाही’ हे सांगणारी दुसरी बोली जोडीत ठरवून ठेवा. काही जण २ नो ट्रम्प वापरतात, काही ३ किलवर. कुठलीही चालेल, दोघांची एकच असली म्हणजे झालं.

याला एक पळवाट आहे. २ किलवर, २ चौकट, २ नो ट्रम्प असं झालं तर उघडणाऱ्याकडे साधारण २२ ते २४ पॉइंट आणि सपाट (कुठलाच रंग फार लांब किंवा फार तोकडा नसलेली) पानं असतात. तुमच्याकडे शून्य असेल तर इथं पास चालतो.

बाकीचे ओळखीपुरते

१ इस्पिक किंवा १ बदामवर उडी मारून २ नो ट्रम्प, म्हणजे जेकोबी: त्या रंगाची चार पानं, १३ किंवा जास्त पॉइंट, गेम नक्की. त्याच रंगावर दुहेरी उडी, जसं १ इस्पिकवर ४ किलवर, याला स्प्लिंटर म्हणतात: चार इस्पिक आहेत, किलवर एकच किंवा एकही नाही. १ चौकट, १ इस्पिक, ३ किलवर अशी उघडणाऱ्याची नव्या रंगातली उडी जवळपास १९ पॉइंट दाखवते, तिलाही पास नाही. १ नो ट्रम्पवर २ बदाम बोलून इस्पिक मागून घेतले (ट्रान्स्फर) आणि मग ३ची पातळी गाठून नवा रंग बोलला, तर तोही गेम फोर्स.

फसव्या जागा

१ इस्पिकवर ३ इस्पिक ऐकायला जोरकस वाटतं, पण ते फक्त आमंत्रण आहे. साधारण १०-१२ पॉइंट असतात, किमान पानं असतील तर खुशाल पास करा. १ चौकट, १ इस्पिक, २ बदाम या रिव्हर्सनं (आपल्या पहिल्या रंगाहून वरचा रंग २वर बोलण्यानं) उघडणाऱ्याकडे १७ किंवा जास्त असल्याचं कळतं, पण पास बंद होतो तो एकाच फेरीपुरता.

आधी पास केलेला भिडू नंतर १ इस्पिकवर २ किलवर म्हणाला तर तो गेम फोर्स नव्हे. उघडण्याएवढी पानं त्याच्याकडे नव्हती, हे त्यानं आधीच सांगितलंय. मध्ये समोरच्यांनी तोंड घातलं तरी गणित बदलतं: १ इस्पिक, समोरच्याचं २ चौकट, भिडूचं २ बदाम, ही बहुतेकांच्या पद्धतीत एकाच फेरीची बोली. नवख्यांच्या जोड्या सगळ्यात जास्त फुटतात त्या इथं. एक जण २ बदामला गेम फोर्स धरून निवांत बसलेला असतो, दुसरा तिथून उतरायला निघालेला असतो.

गेम फोर्स आधीच लागला असेल आणि नंतर समोरच्यांनी धाड घातली तर? मग त्यांना डबल (दंड आणि बक्षीस वाढवणारी बोली) न करता खेळू द्यायचं नाही. किंवा वर बोला, किंवा डबल करा. तुम्ही थेट त्यांच्या मागं बोलणार असाल तर पासही करता येतो, पण त्याचा अर्थ ‘सोडलं’ असा नसतो. ‘डबल की वर बोलायचं, ते तू ठरव’ असं भिडूला सांगणारा पास तो. मग भिडूनं पास करायचा नाही. हा फोर्सिंग पास पहिल्या दिवसापासून वापरलाच पाहिजे असं नाही, पण समोर कोणी केला तर दचकू नका.

वहीत काय लिहायचं

भिडू पक्का झाला की शाळेची एक वही घ्या. तीत पद्धतींची नावं लिहून भागत नाही. ‘आपण टू ओव्हर वन खेळतो’ म्हणून दोघं मान डोलावतात आणि डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्टँडर्ड अमेरिकन या दुसऱ्या बोलीपद्धतीत वाढलेल्याला १ इस्पिकवर २ किलवर म्हणजे १० किंवा जास्त पॉइंट आणि एकाच फेरीचा फोर्स वाटतो. म्हणून बोली जशीच्या तशी लिहा आणि पुढं एकच शब्द: थांब, बघ, एक फेरी, गेम. १ चौकटवर २ किलवर गेम फोर्स आहे का, याचं उत्तर आधी ठरवा. जोड्याजोड्यांत सगळ्यात जास्त मतभेद तिथंच असतात. माझं मत विचाराल तर नव्यांनी ती एका फेरीचीच ठेवावी, कारण मायनर जुळल्यावर गेम लांब असतो.

सरावाला चौघं लागत नाहीत. भुसावळच्या उन्हात मे महिन्याच्या दुपारी चौघांना घराबाहेर काढणं सोपंही नाही. दोघांनी बसून चार वाटे करा, त्यातले दोनच उचला आणि बोली लावत जा. प्रत्येक बोलीनंतर ऐकणाऱ्यानं मोठ्यानं वजन सांगायचं: ‘एक फेरी’, ‘गेम’, ‘बघ’. चुकलं की वहीत नोंद करायची. शेवटी पानं उघडून दोघांचे पॉइंट मोजा आणि गेमपाशी पोचायला हवं होतं की नव्हतं ते बघा. गेम फोर्सचे वाटे पुरेसे येत नसतील तर एका वाट्यात मुद्दाम दोन एक्के घालून मग बाकीची पानं पिसा. ब्रिज बेस ऑनलाइनवर फोनवरूनही दोघांना असा सराव करता येतो.

खऱ्या डावात मात्र हे मोठ्यानं बोलणं बंद. भिडूला ‘गेम ना?’ असं विचारता येत नाही, भुवई उंचावूनही नाही. समोरच्यांना मात्र तुमच्या बोलीचा अर्थ विचारायचा हक्क आहे, आणि तो बोली लावणाऱ्यानं नव्हे, त्याच्या भिडूनं सांगायचा असतो.